सहा नंबरचं बटण

लोखंडी कॉटवर काठी आपटली, की अनुजा हातातलं काम टाकून घराच्या पुढच्या सोप्यात यायची. कळंब्यातल्या त्या गल्लीत तो आवाज चार घरं ऐकू जायचा. कॉटवर तिचे सासरे, आकाराम. उजवा हात आणि उजवा पाय निकामी, वाचा गेलेली, डोळे मात्र पहिल्यासारखेच जळजळीत. ती समोर उभी राहून एकेक विचारायची. पाणी पायजे? पंखा लावू? भांडं देऊ? कूस बदलायची? बरोबर आलं तर म्हातारा मान हलवायचा. चुकलं की कॉटवर परत काठी. टीव्हीवर प्रश्न विचारायचे कार्यक्रम असतात, तशातलाच हा प्रकार होता, फक्त इथं बक्षीस म्हणून पुढचा प्रश्नच मिळायचा.

आजारी माणसाची सेवा ही बोलायला फार गोड गोष्ट आहे, आणि बोलणारे बहुतेक वेळा दुसऱ्या गावात असतात. अनुजाची नणंद वर्षाराणी गडहिंग्लजला. रोज फोन करून आबांना कोमट पाणी देत जा, पाठ पुसत जा, त्यांच्याशी बोलत जा, असं सांगायची. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी लागतो, हिचं फोनवर भागत होतं. नवरा उदयसिंह फाउंड्रीत, पाळीचं काम. काळाकुट्ट होऊन घरी यायचा, आंघोळ करून बापाच्या पायाशी थोडा वेळ बसायचा आणि बसल्या जागीच पेंगायचा. त्याला तरी काय बोलणार? मुलगा यशराज पुण्याला नोकरीला. राहिली अनुजा.

आणि अनुजा दमली होती. अंग दुखून माणूस दमतं ते झोपेनं भरून निघतं. तिचं दमणं तसलं नव्हतं. समोरचा माणूस जीव तोडून काहीतरी मागतोय, आणि आपल्याला ते कळत नाही, ह्याचं ते दमणं होतं. काठी वाजली नाही तरी तिला वाजल्याचा भास व्हायचा. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबून कान द्यायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

सगळ्यात वाईट व्हायचं ते घरात कुणी आलं की. एरवी शांत पडलेला म्हातारा, दारात माणूस दिसलं की पेटायचाच. डाव्या हातानं काठी उचलायचा, कॉटवर आपटायचा, मग दाराकडं रोखायचा, आणि घशातून "हां, हां" असा आवाज काढायचा. येणारा बिचारा चपला काढत असायचा, तो तशाच घालायचा. अनुजा पाणी, पंखा, भांडं सगळं विचारून बघायची. काहीच बरोबर यायचं नाही. पाहुणा ओशाळून म्हणायचा, असू दे, त्यांना त्रास हुतोय, मी परत कधीतरी येतो. परत कोण येतंय? शेजारची चिमणाबाई गल्लीत सांगत सुटली, की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, माणसांना मारायला उठतो. हळूहळू माणसं यायची थांबली. सुंठेवाचून खोकला गेला असं एखादा म्हणेल, पण ज्या घरात माणूस येत नाही, त्या घरातलं दुखणं दुप्पट होतं, हे ते सोसणाऱ्यालाच माहीत.

आकारामचा जुना जोडीदार शमशुद्दीन, त्याचं तुटणं मात्र अनुजाला लागलं होतं. आकाराम गुऱ्हाळावरचा गुळव्या. उकळत्या काहिलीच्या कडेला उभं राहून रसाचा बुडबुडा बघायचा आणि गूळ कधी उतरवायचा ते सांगायचं, हे त्याचं काम. शमशुद्दीन चुलव्या. खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारायचा. एक वर, एक खाली. कामाच्या वेळी एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, सगळा कारभार आवाजावर. आकाराम वरून ओरडायचा, जाळ दाब, आणि खालून जाळ दबायचा. काय आवाज होता! चरकाच्या इंजिनाला न जुमानता रस्त्यापर्यंत जायचा. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो नसो, आकाराम त्याला वरूनच हाक मारून थांबवायचा, रस पाजायचा, काकवी द्यायचा, चिपाडावर गरम गूळ घालून हातात ठेवायचा. मालक कुरकुरायचा. आकाराम म्हणायचा, काहिलीवरनं माणूस तसाच गेला तर गूळ नासतो. मालकानंही तो कधी नासवून बघितला नाही.

आकाराम अंथरुणाला खिळल्यावर शमशुद्दीन रोज संध्याकाळी यायचा. दाराशेजारच्या खुर्चीत बसायचा. कॉट सोप्यात आणली तेव्हा सगळं सामान सरकवावं लागलं होतं, आणि पाहुण्यांची खुर्ची जी दाराला चिकटली ती तिथंच राहिली. पहिले काही दिवस आकाराम पडूनच असायचा, शुद्ध बेताची. मग शुद्ध आली, डाव्या हातात काठी आली, आणि शमशुद्दीन दारात दिसला की काठी त्याच्याकडं रोखली जाऊ लागली. त्यानं ते बरेच दिवस सोसलं. एकदा काठी त्याच्या गुडघ्याला लागली. तेव्हा तो अनुजाला एवढंच म्हणाला, "पोरी, आकारामाला मी नको झालोय. न्हाय येत मी आता." आणि खरंच आला नाही. त्या दिवशी आकारामनं जेवण घेतलं नाही. अनुजाला वाटलं, माणसं हाकलायची आणि वर रुसायचं, चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

आता त्या कॉम्प्युटरचं. सोप्याच्या कोपऱ्यात एक जुना, ढेरपोट्या पडद्याचा कॉम्प्युटर होता. अनुजा कुरुंदवाडची. बी.कॉम. झालेली, टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. लग्न होऊन आली तेव्हा तिनं घरात क्लास काढायचं बोलून दाखवलं. सासू झुंबरबाई तेव्हा हयात होती, तिनं नाक मुरडलं. चार दिवसांनी गूळ मार्केट यार्डात घालून येणाऱ्या टेम्पोतून आकाराम हा कॉम्प्युटर घेऊन आला, पोत्यात गुंडाळून, गुळाच्या रव्यांच्या रिकाम्या जागेत ठेवून. पहिला महिनाभर कीबोर्डातून मुंग्या निघायच्या. मग एकाचे चार झाले, दारावर पाटी लागली, गल्लीतली पोरं उन्हाळ्यात तिथं यायची, आणि आकाराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमची सून न बघता लिहिती.

मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आले. टायपिंगला सरकारमान्य मोठे क्लास निघाले. लॉकडाऊननं उरलासुरला क्लास मोडून काढला. तीन कॉम्प्युटर गेले, हा राहिला, कारण हा कुणाला नको होता. त्याला घरात नवेनवे धंदे लागले. पडद्याच्या डोक्यावर मेथी वाळू लागली. डब्यावर मिक्सर बसला. माऊसखालच्या रबरावर गरम पातेलं. अनुजानं मधेमधे बरंच काही करून बघितलं. रेशनची माहिती भरून देते म्हणाली, तर लोकांचं फोनवर होत होतं. जुनी भजनं भरून आबांच्या उशाशी लावून बघितली, तर म्हाताऱ्यानं काठीनं वायर ओढली. यशराज पुण्याहून म्हणायचा, आई, भंगारात घाल की ते धूड. शेवटी तीही म्हणाली, घालते. जो तो घरातली जुनी वस्तू काढायला सांगतो, ती घरात कशी आली होती ते कुणी विचारत नाही.

भंगारवाला आला तो सकाळच्या उन्हाचा. हातगाडी, गाडीवर भोंगा. भोंग्यातून त्याचा आवाज गल्लीभर चालला होता, जुनं लोखंड, पत्रा, बॅटरी, कॉम्प्युटर, टीव्ही. अनुजानं पडदा उचलून गाडीवर नेऊन ठेवला आणि विचारलं, काय देणार. भंगारवाल्यानं हातानंच थांबा म्हणून सांगितलं. तोंडात मावा भरलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं भोंग्याचं बटण दाबलं, ओरडणारा आवाज बंद झाला. तो बाजूला जाऊन थुंकून येईपर्यंत अनुजा त्या भोंग्याकडं बघत उभी राहिली. आत्तापर्यंत माणूस मुका होता आणि आवाज त्याचाच चालला होता. दुसऱ्या क्षणी तिनं गाडीवरचा पडदा परत उचलला. भंगारवाला थुंकून आला तोवर ती उंबऱ्याच्या आत गेली होती. तो बराच वेळ बाहेर बडबडत होता.

क्लासमध्ये लहान पोरांसाठी एक खेळाचा प्रोग्राम होता. एकचं बटण दाबलं की आतली बाई "एक" म्हणायची, दोनचं दाबलं की "दोन". त्यातला आवाज माईक लावून बदलता यायचा. पडद्यावर लाल ठिपका लागला, की खोलीत जे काही बोललं जाईल ते त्या आकड्यावर बसायचं, आणि लांब बटण दाबलं की ठिपका जायचा. पोरं त्यात एकमेकांना शिव्या भरून ठेवायची, म्हणून तिनं तो एकदा बंद करून टाकला होता. आता ती हुडकायला बसली. पडदा जागेवर ठेवला, मिक्सर उतरवला, धूळ पुसली. जुनं यंत्र कण्हत कण्हत सुरू झालं आणि प्रोग्राम जागच्या जागी निघाला. एकवर तिनं पाणी बोलून ठेवलं. दोनवर भांडं, तीनवर पंखा, चारवर कूस, पाचवर भूक. कीबोर्डाची बाकीची सगळी बटणं तिनं उलथन्यानं उपटून काढली, आकडे आणि ते लांब बटण तेवढं ठेवलं. आकाराम शाळा फार शिकला नव्हता, पण जन्मभर गुळाचे रवे वजन करून आकडे त्याला पाठ होते. टेबल कॉटला लावलं आणि कीबोर्ड त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला.

म्हाताऱ्यानं आधी संशयानं बघितलं. मग एक दाबलं. कॉम्प्युटरमधून अनुजाचा आवाज आला, पाणी पायजे. तिनं पाणी दिलं. त्यानं तीन दाबलं. तिनं पंखा लावला. त्यानं परत तीन दाबलं. तिनं बंद केला. म्हाताऱ्याच्या तोंडाची चांगली बाजू थोडी वर गेली. बऱ्याच महिन्यांनी त्या सोप्यात कुणीतरी हसलं होतं.

त्या दिवसापासून काठी निजली. अनुजा दुपारची झोपू लागली. उदयसिंह जेवताना म्हणाला, तू तर कमालच केलीस. तो कौतुक असं कधीमधीच करायचा आणि तेही भात कालवताना. वर्षाराणीनं फोनवर सांगितलं, हे आधीच करायला पायजे होतं. अनुजानं ते ऐकून घेतलं. तिच्यात भांडायचंही बळ उरलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला बरंही वाटत होतं.

मग एका दुपारी चिमणाबाई कढीपत्ता मागायला आली, आणि काठी उठली. कॉटवर आपटली, दाराकडं रोखली, हां, हां. अनुजा धावली. तिनं कीबोर्ड त्याच्या हाताखाली दिला, आबा, बटण दाबा, काय पायजे ते दाबा. त्यानं कीबोर्ड ढकलला. तिनं परत दिला. त्यानं परत ढकलला आणि काठी उचलली. चिमणाबाई कढीपत्ता न घेताच निघाली. ती जाताना जी नजर टाकून गेली, तिनं अनुजाचं डोकं फिरलं. एवढ्या दिवसांचं सगळं तोंडातून बाहेर आलं.

"आबा, मला न्हाय कळत तुम्हाला काय पायजे! मी बी माणूस हाय. किती मरू?"

आकारामनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. संध्याकाळपर्यंत तो हलला नाही. अनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती स्वयंपाकघरात बसून विचार करत राहिली, की पाच बटणांत नाही असं ह्या माणसाला काय हवं असेल? आणि तिच्या मनात आलं, दुखत असेल. आत कुठंतरी दुखत असेल, आणि चार माणसं आली की त्यांना तरी सांगावं म्हणून जीव तोडत असेल. पाणी, पंखा, भूक सगळं भरलं आणि दुखणंच भरायचं राहिलं. स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावा असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती सहा नंबरवर दुखणं भरायला बसली. आकाराम भिंतीकडं तोंड करून पडला होता. ठिपका लाल झाला. ती बोलणार, तेवढ्यात दारात शमशुद्दीन उभा. हातात निकाहाच्या पत्रिका. नात सना हिचं लग्न ठरलं होतं, आणि काही झालं तरी आकारामच्या घरी आमंत्रण द्यायला दुसऱ्याला पाठवणं त्याला शोभणारं नव्हतं. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. पत्रिका पुढं केली, पोरी, ये लग्नाला, म्हणाला. त्याच्या आवाजासरशी आकाराम कुशीवर वळला. काठी उचलली. कॉटवर आपटली आणि दाराकडं रोखली. शमशुद्दीनचा चेहरा उतरला. तो चपला न काढताच वळला. अनुजा टेबलापासून उठून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "चाचा, असं दारातनं जाऊ नका. बसा की. च्या घिऊन जावा." तो थांबला नाही. कोपऱ्यावर जाईपर्यंत त्याची पाठ दिसत होती.

ती परत टेबलाशी आली. लाल ठिपका तसाच जळत होता. तिनं कंटाळून लांब बटण दाबलं, आणि काय भरलं गेलं असेल ह्याचा विचार न करता भांडी घासायला गेली. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिला आठवण झाली, की दुखणं भरायचं राहिलंच. आधीचं पुसावं म्हणून तिनं सहा दाबलं. कॉम्प्युटरमधून आधी शमशुद्दीनचं दारातलं पुसट बोलणं, मग काठीचा खणखणाट आला, आणि त्याच्यामागून तिचाच आवाज, चाचा, असं दारातनं जाऊ नका. बसा की. च्या घिऊन जावा.

ती पुसायला गेली, तेवढ्यात तिचं मनगट पकडलं गेलं. आकारामचा डावा हात. असला जोर त्या हातात उरलाय हे तिला माहीत नव्हतं. त्यानं तिचा हात बाजूला केला आणि स्वतः सहा दाबलं. बसा की. च्या घिऊन जावा. परत दाबलं. परत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो दाबतच होता. मग त्यानं काठी उचलली आणि नेहमीसारखी दाराकडं रोखली. पण ह्या वेळी अनुजा पहिल्यांदाच त्या काठीच्या मागे, त्याच्या बाजूला उभी होती. तिथून बघितल्यावर तिला दिसलं, की काठी दाराकडं नाहीच. काठी दाराशेजारच्या खुर्चीकडं आहे. मग काठी वळली, स्वयंपाकघराच्या चौकटीकडं गेली आणि परत खुर्चीवर आली. बसा. च्या ठेवा. बसा.

अनुजा कॉटच्या कडेला बसून रडली. वर्षभर हा माणूस माणसांना बसवत होता, आणि सगळा गाव म्हणत होता की हाकलतोय. ज्यानं उकळत्या काहिलीवरनं कुणाला तसं जाऊ दिलं नाही, त्याच्या दारातनं त्याच्या डोळ्यांदेखत माणसं चपला न काढता परत जात होती, आणि त्याला ओरडता येत नव्हतं. तिनं त्याला मागायची बटणं दिली. पाणी द्या, भांडं द्या, पंखा लावा. पाचही बटणं हात पसरायची. माणसाला कधी द्यावंसंही वाटतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत थोडा रागही होता, कारण कुणीतरी हे आधी ओळखायला हवं होतं आणि ते कुणीतरी दर वेळी तीच का असावी हे तिला कळत नव्हतं.

सकाळी उठून ती शमशुद्दीनच्या घरी गेली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, चाचा, एकदा चला, नंतर कधी बोलवणार न्हाय. तो आढेवेढे घेत होता. त्याची बायको हुसेनबी आतून म्हणाली, जावा की, लेक बोलवायला आलीय. तेव्हा तो उठला.

तो दारात आला. काठी उठायची वाट बघत उभा राहिला. काठी उठली नाही. आकारामनं डावा हात कीबोर्डवर नेला, बोटानं चाचपलं आणि दाबलं. असं दारातनं जाऊ नका. बसा की. च्या घिऊन जावा.

शमशुद्दीननं अनुजाकडं बघितलं, मग आकारामकडं, मग त्या बटणाकडं. आकारामनं परत दाबलं. शमशुद्दीननं चपला काढल्या आणि खुर्चीत बसला. बोलायचं दोघांनाही होतं. एकाला येत नव्हतं आणि दुसऱ्याला जमत नव्हतं.

"म्हंजे तू मला बस म्हणत हुतास व्हय रं?" शेवटी शमशुद्दीन म्हणाला. "आणि मी उठून गेलतो."

चहा झाल्यावर तो म्हणाला, हे असं बाईच्या आवाजात आकारामला शोभत नाही. लोक काय म्हणतील? मग तो स्वतः टेबलाशी बसला. अनुजानं लाल ठिपका लावून दिला. शमशुद्दीननं घसा साफ केला आणि काहिलीवरून आकाराम ओरडायचा अगदी तसा, तोच चढ आणि तोच उतार घेऊन ओरडला, "ओ पावणं, बसा की! च्या घिऊन जावा!" उभा जन्म चुलवाणाच्या तोंडाशी बसून त्यानं तो आवाज खालून ऐकला होता. आकाराम ऐकताना डोळे मिटून पडला होता. त्यानंतर त्यानं दुसऱ्या कुणाला त्या बटणाला हात लावू दिला नाही.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही, आणि चिमणाबाई असल्यावर तर मुळीच नाही. आधी माणसं गंमत म्हणून आली. मग सवयीनं यायला लागली. दूधवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई, यशराजचे जुने मित्र, गुऱ्हाळावरची माणसं. दारात सावली पडली, की कॉम्प्युटर ओरडायचा. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस दचकून थांबायचा. उदयसिंहाला मोठी मौज वाटायची, तो मुद्दाम बाहेर जाऊन परत आत यायचा आणि बापाकडून च्याचं आमंत्रण घ्यायचा.

आणि चहा कोण करायचं? अनुजा. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॉम्प्युटरनं आमंत्रण द्यायला काय जातंय, आधण काही त्याला ठेवायचं नव्हतं. दुधाचा रतीब वाढवावा लागला. कप विसळून विसळून तिची बोटं पांढरी पडली. काठी गेली आणि बटण आलं, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. वर्षाराणी फोनवर म्हणाली, बघ, माणसं आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं. अनुजा म्हणाली, व्हय, भरल्यासारखं वाटतं. घर भरलेलं तिलाही आवडत होतं. पण दमायचं ती दमतच होती, आणि हे खोटं नव्हतं.

सनाचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सगळे लग्नाच्या दगदगीनं घरोघरी झोपलेले, गल्लीत चिटपाखरू नाही. अनुजा अंगणात चादरी धुऊन वाळत घालून आली. पदराला हात पुसत सोप्यातून आत निघाली होती. पाय इतके भरून आले होते, की ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. उभी राहिली म्हणजे नुसती टेकली. डोळे मिटले.

ओ पावणं, बसा की! च्या घिऊन जावा!

तिनं डोळे उघडून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. ती म्हणाली, "आबा, कोण न्हाय आलेलं." तिला वाटलं, म्हाताऱ्याला भास झाला असेल, किंवा हात चुकून पडला असेल. आकारामनं परत दाबलं. बसा की. ती इकडंतिकडं बघत राहिली. मग त्यानं काठी उचलली. काठीचं टोक दाराशेजारच्या खुर्चीच्या पायात अडकवलं आणि डाव्या हाताच्या सगळ्या ताकदीनं खुर्ची फरशीवरून खरडत तिच्याकडं ओढली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिच्या पावलापाशी येऊन थांबली. त्यानं धाप टाकत काठी खाली ठेवली आणि परत सहा दाबलं.

ह्या घरात येऊन तिला एवढी वर्षं झाली होती. ह्या सोप्यात तिनं कितीजणांना बसा म्हटलं असेल, कितीजणांपुढं कपबशी ठेवली असेल. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता, घरच्या माणसाला कोण बस म्हणतं?

चहा ठेवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हाताऱ्याला ते माहीत होतं आणि तिलाही. तरी ती खुर्चीत बसली.